मोजणीचे दोन ठोके

१

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांची आयुष्यं लिहिते. मानपत्रं, एकसष्टीच्या पुस्तिका, श्रद्धांजलीचे मजकूर. शहापुरात हे काम करणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे गेल्या चार वर्षांत तालुक्यात जे कुणी गेले ते सगळे मनमिळाऊ आणि कष्टाळू होते, ते माझ्या कृपेने. म्हणून माजी सैनिक संघाचे चिटणीस धाऊ विशे जाडजूड फाइल घेऊन आले आणि "चंद्रकलाबाई, या टायमाला माणसाचं नाय, जहाजाचं लिवायचं हाय," म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं. जहाजाचे नातेवाईक चुका काढायला येत नाहीत.

जहाजाचं नाव राजधीर. ही विनाशिका स्कॉटलंडच्या एका गोदीत १९४२ साली बांधली. महायुद्धात बर्फाळ समुद्रातून मालवाहू जहाजांची राखण केली, १९४९ साली आपल्या नौदलात आली, चोवीस वर्षं चाकरी केली आणि १९७३ साली मुंबईत दारूखान्याला भंगारात निघाली. आपल्या शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांतली सात माणसं तिच्यावर होती, म्हणून संघाला तिचा इतिहास छापायचा होता. मी समुद्र पाहिला तो अलिबागच्या सहलीत, तोही पोरं मोजत. तरी तीन आठवड्यांत साठ पानं झाली.

त्या दिवशी दुपारी मी कागद पसरून मोठ्यानं वाचत होते. तसं वाचलं की चुका सापडतात. मोरीत लहानी भांडी घासत होती. लहानी मुकणे अकरा वर्षं माझ्याकडे कामाला आहे. सापगावच्या पुढच्या वाडीवरून चालत येते, साठी उलटली तरी पाठ माझ्यापेक्षा ताठ. राजधीर हे नाव ऐकून ती साबणाचे हात घेऊन तशीच बाहेर आली.

"बाई, ती बोट माज्या बापाची."

मी फाइल चाळली. पान बेचाळीसवर दोन ओळी होत्या. ११ मार्च १९६४, मुंबई बंदर, बॉयलर रूममध्ये आग, तिघांची सुटका, जीवितहानी नाही. आणि त्याखाली, त्याच तारखेला: सफाई खलाशी बुध्या मुकणे जहाज सोडून पळाला.

"मी पाच महिन्यांची व्हती," लहानी म्हणाली. "पलाला म्हून सरकारचा कागद आला. पोलीस आले वाडीवर दोनदा. आईनी मरंस्तवर हिरव्या बांगड्या घातल्या, साठ वर्सं. लोकं हसायची. पलपुट्याची बायको न् पलपुट्याची पोर." हात पदराला पुसत ती माझ्या समोर जमिनीवर बसली. "गेल्या साली आईचे दिवस घातले. बापाचे घालता येत नाय. वाडीतले पंच सांगतात, जिता का मेला ते कोन सांगल? त्या बोटीवरचा मानूस सांगल तरच."

"आता कोण राहिलं असणार, लहानी?"

"तुमाला म्हाईत. तुमच्या कागदात असंल." मग फाइलीकडे बोट दाखवून म्हणाली, "पुस्तकात लिवा का तो पलाला नाय. खरा असंल तरच लिवा."

अकरा वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. सणाची साडीसुद्धा मीच आठवणीनं देते.

२

फाइल पुन्हा चाळल्यावर कळलं की त्या आगीच्या वेळी बॉयलर रूमच्या दारावर असलेला स्टोकर, म्हणजे बॉयलरची आग राखणारा खलाशी, जिवंत होता. कोंडू हरड, वय ब्याऐंशी. धसईच्या पुढे तीन किलोमीटरवरचं गाव. नोव्हेंबर संपत आला होता. धसईला बस सोडली तेव्हा बाजारात भाताची पोती उतरत होती. तिथून एक रिक्षा मिळाली आणि रिक्षावाल्यानं नाव ऐकताच विचारलं, "दारवाल्या कोंडूकडं ना?"

दार मला ओटीवरूनच दिसलं. बाकीचं घर चारचौघांसारखं, विटांचं, कौलारू, शेणानं सारवलेलं. पण माजघरातून भाताच्या खोलीत जायला लोखंडी दार होतं, जहाजाचं. कोपरे गोल, रंग राखाडी, उंबरा गुडघ्याएवढा, आणि कडेनं आठ मुठी. त्या पिळल्या की दार चौकटीत घट्ट बसतं. त्यांना कोंडूबाबा क्लिपा म्हणत. आतल्या बाजूच्या मुठी भंगारवाल्यानं कापून काढल्या होत्या.

"बोट मोडली तवा दारूखान्याला गेलो न् इकत घेतला," ते म्हणाले. "उंदराचा काम नाय. भात ऱ्हातो चांगला."

म्हातारा मला आवडला. ताठ, दाढी गुळगुळीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मुलगा आणि नातू प्रज्वल मुरबाडला कंपनीत जातात. दिवसभर घरी सासरा आणि सून देवकी. देवकीनं मला जेवायला बसवलंच. डाळ, वांग्याची भाजी आणि नवा भात. भात मला खारट लागला. माझा घास अडला तो तिनं पाहिला.

"मीठ घालतच नाय मी," ती म्हणाली. "त्या खोलीतल्या भाताला लागत नाय."

विहिरीचं पाणी मचूळ असेल, असं मी मनात म्हटलं.

दुपारभर कोंडूबाबा बोलले. राजधीरचं पाणी कुठे साठवायचे, रोजचा रंग कसा खरवडायचा, सिंगापूरला कोण कसं चुकलं. मी पंधरा पानं लिहून घेतली. चार वाजायला आले तसे ते उठले, भाताच्या खोलीत डोकावले, "कोन हाय का आत?" म्हणाले, आणि दार ओढून घेतलं. आठही क्लिपा एकेक करून पिळल्या. खुंटीवर सुतळीनं बांधलेला पाना होता, तो घेऊन दारावर दोनदा मारला. मग कान देऊन उभे राहिले.

आतून एक ठोका आला.

"एक," ते मोठ्यानं म्हणाले.

"बरं," स्वैपाकघरातून देवकी म्हणाली, आणि चहा गाळल्याचा आवाज आला.

३

मी काही घाबरणारी बाई नाही. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. लोखंड दुपारभर तापतं आणि चार वाजता ऊन कललं की आखडतं, तेव्हा आवाज होणारच. म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं ती वेळ हेरून ठेवली असेल. मी तसं म्हटलं तर कोंडूबाबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ही मोजनी हाय, बाई. आग लागली, पानी घुसला, का दार लावायचा. मंग भायेरच्यानं दोन ठोके मारायचे. म्हंजे इचारायचा, कितीजन हाव? आतल्या दर मानसानं एक ठोका मारायचा, आपापला. भायेरच्यानं आकडा फोनवर सांगायचा. तेवढी मानसं काढायची, न् मंग आत वाफ सोडायची नायतर पानी."

"आणि चौसष्टच्या मार्चमध्ये, आगीच्या वेळी, तुम्ही किती सांगितले?"

"तीन. यादीत तीनच व्हते. तिगं निगाले."

"बुध्या मुकणे?"

त्यांनी बशी उचलली, पण तोंडाला लावली नाही. "पलाला तो," ते म्हणाले. "आमच्याच बाजूच्या वाडीचा. मीच नेला व्हता त्याला भरतीला. पलाला."

निघताना देवकी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, रोज असंच?

"मी लगीन होऊन आली तवापासून. सव्वीस वर्सं." ती हसली. "आधी भ्या वाटायचा. आता चार वाजल्याचा कलतं."

"आणि रोज एकच?"

"एकच."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. तेव्हा ढगाळ होतं, लोखंड तापलेलं नव्हतं, तरीही चारला एक ठोका आला. मी देवकीला बाजूला सारून स्वतः क्लिपा सोडल्या आणि आत पाहिलं. खिडकी नसलेली खोली. पोती, एक कणगी, तराजू, कांद्याची वेणी. उंदीर नाही, माणूस नाही. दाराजवळच्या पोत्याचा तळ ओला होता. मी बोट लावून चाटलं. तोंड खारट झालं.

घरी परतले तेव्हा लहानी थांबलेली होती. मी जेवायला बसले तेव्हा ती उंबऱ्यात बसून राहिली, मी काही सांगते का ते बघत. मला तिची कीव आली आणि स्वतःचा राग आला. साठ पानं मी जहाजाची कौतुकं लिहिली होती. एका माणसाची एक ओळ मला लिहिता येत नव्हती.

४

माझा स्वभाव वाईट आहे. कुणी मला फसवतंय असं वाटलं की मी हट्टाला पेटते. तिसऱ्या खेपेला मी ठरवूनच गेले. म्हातारा आतल्या भिंतीशी काही दोरी बांधून ठेवत असेल, किंवा देवकी मागून ठोकत असेल, तर ते कळायला एकच जागा होती. मी चारला दहा कमी असताना भाताच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

"नको बाई," देवकी म्हणाली. "आमी कुनी आत असताना दार लावत नाय."

"लाव. मी ठोकणार नाही. गप्प उभी राहणार. मग पाहू आवाज कोण करतं."

कोंडूबाबांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. ते आले, नेहमीसारखं डोकावले. त्यांची नजर माझ्यावरून पोत्यावरून गेली तशी गेली. "कोन हाय का आत?" ते म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, हे खरं आहे. दार लागलं. आठ क्लिपा पिळल्याचा आवाज मी मोजला.

अंधार असा की हात दिसेना. आधी भाताच्या तुसाचा वास आला, घशात खवखवणारा. खोली उबदार होती. भाताच्या खोलीत ऊब असतेच. मग तेलाचा वास आला, जळक्या तेलाचा, आणि तापलेल्या रंगाचा. माझ्या पायांत चपला नव्हत्या. सारवलेली जमीन मऊ लागायला हवी होती. पायांखाली गार, खडबडीत, नक्षी उठवलेला पत्रा लागला आणि तो थरथरत होता. मी स्वतःला सांगितलं, रस्त्यावरून ट्रक जातोय.

त्यात आणखी एक वास होता, तो ओळखायला मला वेळ लागला, कारण तो तिथला नव्हता. करांदे भाजल्याचा. करांदे म्हणजे रानातले कंद, मातीसकट.

दारावर दोन ठोके पडले. आतून ते फार मोठे वाटतात. मी श्वास रोखला, हात पाठीमागे धरले.

माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळ, कमरेच्या उंचीवर कुणीतरी दारावर एकदा मारलं. मूठ वापरली होती, पाना नाही. लोखंडावर मांसाचा आवाज.

आणि मग ते थांबलं. ते थांबणं मला कळलं. वर्गात उत्तर येणारं मूल शेजारच्यासाठी थांबतं तसं. आपापला ठोका आपण मारायचा. मी नाही मारला तर मी मोजले जाणार नव्हते. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी दारावर एकदा मारलं.

मग कोंडूबाबांचा आवाज आला, फोनवर बोलावं तसा कोरडा.

"एक."

"बाबा, दोन ठोके आले," देवकीचा आवाज. "बाई आत हाएत. उघडा."

"यादीत एकच हाय."

"अवो बाबा, बाई—"

"यादीत एकच हाय, पोरी. बाजूला हो."

मी दारावर दोन्ही हातांनी मारू लागले, ओरडू लागले. तोंडातून काय निघत होतं ते मला आठवत नाही. पायाच्या घोट्यांना गार लागलं. माझ्या डाव्या बाजूचं जे होतं ते मारत नव्हतं, ओरडत नव्हतं. त्यानं माझा हात धरला. मोठा, खरखरीत हात. माझा पंजा उघडला आणि त्यावर काहीतरी ठेवलं. गरम, सालासकट, लिंबाएवढं.

भीती तर होतीच, पण त्या क्षणी मला रडू आलं, कारण आपला घास तो मला देत होता. मी दाराला तोंड लावलं.

"कोंडूबाबा, इथे करांदे भाजलेत."

देवकीची बांगडी वाजलेली मला ऐकू आली, इतकं बाहेर शांत झालं.

"दोन," कोंडूबाबा म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, वीसबावीस वर्षांच्या पोराचा होता. "दोन हाएत. दोन हाएत आत."

क्लिपा सुटल्या. उजेड आला. मी उंबरा ओलांडून बाहेर पडले आणि भिंतीला टेकले. हातात काही नव्हतं, पण पंजा काळा झाला होता. कोंडूबाबा माझ्याकडे पाहत नव्हते. अरुंद वाटेत दुसऱ्याला जायला जागा द्यावी तसं पोट आत घेऊन ते चौकटीला पाठ लावून उभे राहिले, आणि त्यांची नजर सावकाश दारापासून ओटीकडे गेली.

देवकीनं डोक्यावर पदर घेतला, परका पुरुष समोरून जाताना घेतात तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही.

५

त्या संध्याकाळी कोंडूबाबांनी सांगितलं. मी लिहून घेतलं आणि त्यांनी खाली सही केली.

बुध्या सुट्टीवरून येताना पिशवीभर करांदे आणायचा. बॉयलरच्या नळावर पत्र्यात गुंडाळून ठेवले की तासाभरात भाजून होत. त्या दिवशी बुध्याची पाळी वर डेकवर होती. कोंडूनं त्याला खाली बोलावला, करांदे घेऊन ये म्हणून. मनाई होती. सापडला असता तर बोलावणाऱ्याला चौदा दिवस कोठडी.

"ठोके चार आले. मी तीन बोललो. मना वाटला, धुरात तिगांच्या मागून निसटल, कुनाच्या ध्यानात येनार नाय." कोंडूबाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "तिगं निगाले. चौथा निगाला नाय. मागून साहेब वरडला, दार लाव. मी लावला, न् आत पानी सोडला. दोन ठोके मारून परत इचारायचा व्हता, बाई. तेवढा मी नाय केला. इचारला असता तर त्यानं उत्तर दिला असता."

"आणि नंतर?"

"तिसऱ्या दिवशी पानी काडला. आत कोन नव्हता. हाड नाय, कपडा नाय. मना बरा वाटला. निसटला बोललो. खरा सांगतो, मना बरा वाटला." ते दाराकडे वळले. "तवापास्नं इचारतोय."

मी देवकीला हळूच विचारलं, आज घरात करांदे शिजले होते का.

"अवंदा खनलेच नाय," ती म्हणाली.

लहानीला मी दुसऱ्या दिवशी कागद वाचून दाखवला, दोनदा. ती रडली नाही. तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि पंचांकडे गेली. पौषात तिनं बापाचे दिवस घातले. मी गेले होते. आईच्या हिरव्या बांगड्या तिनं डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या तिनं भातसा नदीच्या काठी दगडावर ठेवून, आईच्या वतीनं, एकेक फोडल्या. नंतर पाण्यात हात धुऊन मला म्हणाली, "आता आई मोकली झाली." वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं तिला बुध्याची लेक म्हणून हाक मारली आणि ती पटकन वळली.

पान बेचाळीस मी नव्यानं लिहिलं. आत चौघे होते. बुध्या मुकणे दारामागे राहिला. धाऊ विशे दोन दिवस कुरकुरले, मग म्हणाले, छापा.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती कुणाला सांगितली नसती.

६

दार गप्प झालं. देवकी फोनवर सांगायची. चार वाजता बाबा क्लिपा लावतात, दोन ठोके मारतात, आतून काही येत नाही. भातात आता मीठ घालावं लागतं. मला आनंद झाला, आणि तो मी बोलूनही दाखवला.

"बाबांना नाय झाला," देवकी म्हणाली. "ते जेवत नाय. बोलतात, आत कोन नाय तर मोजू कुनाला?"

मग जानेवारीत त्यांनी नवं सुरू केलं. चारला ते स्वतः आत जात. देवकीनं दार लावायचं, दोन ठोके मारायचे. ते आतून एक मारत. देवकीनं "एक" म्हणायचं आणि लगेच उघडायचं. "त्यानं आत काय बगितला तेवढा बगतो," असं ते सुनेला म्हणाले होते. आठ दिवस असंच चाललं. ते बाहेर येत, चहा घेत, थोडं जेवूही लागले. म्हाताऱ्या माणसाचा खेळ, असं सगळ्यांना वाटलं. मी तर म्हटलं, खेळू दे.

नवव्या दिवशी संध्याकाळी प्रज्वलचा फोन आला. आजोबा हरवले होते.

गावानं चार दिवस रान पालथं घातलं. विहिरी पाहिल्या. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली: वयोवृद्ध इसम घरात कोणास न सांगता निघून गेला. पारावर लोक म्हणत होते, म्हातारा सुनेला कंटाळून पळाला.

७

मी पाचव्या दिवशी गेले. देवकी ओटीवर बसली होती. तिनं पोलिसांना जे सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं, मान खाली घालून, एका दमात.

"मी दोन ठोके मारले. आतून एक आला. मंग आनखी एक आला, लगेच. मी आयकला, बाई. सपष्ट आयकला. पन आत बाबा एकलेच गेलते ना. मीच तर दार लावला. म्हून मी एक बोलली." तिच्या हातात पदराचं टोक पीळ पडून पडून दोरी झालं होतं. "उगडला. आत कोन नाय."

त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी नाही. मी स्वतः आत उभी राहिलेली आहे.

माझ्या तोंडाशी सगळी उत्तरं आली. म्हातारा तुझी पाठ वळल्यावर बाहेर पडला असेल. दमलेल्या माणसाला आवाज दोनदा ऐकू येतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी ती गिळली. आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही मला पटत नव्हतं. मीच त्या दिवशी दारामागून करांद्यांचं नाव घेतलं होतं. मी गेले नसते तर म्हातारा आजही एक म्हणून चहा पीत बसला असता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"लगेच दार लावला. आठी क्लिपा. न् परत इचारला." तिनं वर पाहिलं. "बाबांनी तवा परत इचारला नव्हता ना. मी रोज इचारते."

चार वाजायला पाच मिनिटं होती. ती उठली. भाताच्या खोलीत डोकावून "कोन हाय का आत?" म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पोती, कणगी, तराजू. तिनं दार ओढलं आणि क्लिपा पिळल्या, आठही, बाबा पिळत त्याच क्रमानं. खुंटीवरचा पाना काढला. दोनदा मारला.

पहिला ठोका मुठीचा होता, लोखंडावर मांसाचा. तो मी ओळखला.

दुसरा जरा थांबून आला, हलका, म्हाताऱ्या हाताचा.

देवकी दाराला कपाळ टेकून उभी होती. "दोन," ती मोठ्यानं म्हणाली, शब्द नीट तोडून, चूक होऊ नये म्हणून. क्लिपा भराभर सोडल्या, दार सताड उघडलं आणि चौकटीतून बाजूला होऊन, पाठ भिंतीला लावून, जागा करून उभी राहिली. कुणी बाहेर आलं नाही. ती तशीच उभी राहिली. चुलीवर चहा उतू जात होता.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि आकडा सांगितल्यावर पलीकडून कुणालातरी तो घ्यावा लागतो.

"बरं," मी म्हणाले.